सात वर्षांची रेघ

अठरा वर्षांखालच्या मुलाने खून केला, बलात्कार केला, तर त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालवावा का? या प्रश्नावर आमच्या घरात आजवर एकमत झालेलं नाही. माझे मामा सरकारी वकील होते, फौजदारी खटल्यांत त्यांची हयात गेली. धाकटी बहीण परिविक्षा अधिकारी आहे. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाच्या घरी जायचं, चौकशी करायची आणि बालन्याय मंडळापुढे अहवाल ठेवायचा, हे तिचं रोजचं काम. दोघांनीही असली मुलं जवळून पाहिली आहेत. त्यांचं बोलणं इथे देतो आहे. मध्ये मध्ये मला राहवलं नाही, तिथे माझंही घातलं आहे.

मामा : १९ मे २०२४ ची पहाट आठव. कल्याणीनगरमध्ये पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. एक मुलगा, एक मुलगी. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा असल्याचं पोलिसांनी सांगितलं. त्याच दिवशी जामीन झाला आणि अट काय, तर अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध. सगळं पुणं पेटलं ते उगीच नाही. एवढी गाडी ज्याच्या हाती जाते, त्याला त्या गाडीचा जाब विचारायचा नाही?

बहीण : निबंधाची बाजू मी घेणार नाही. पण पुढचंही सांगा ना. तीन दिवसांत त्याला निरीक्षणगृहात पाठवलं. जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथे ठेवणं बेकायदा ठरवलं आणि त्याला आत्याच्या ताब्यात दिलं. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून आईवडील आणि सरकारी रुग्णालयातले डॉक्टर तुरुंगात गेले. म्हणजे त्या रात्रीनंतरचे सगळे मोठे उद्योग मोठ्या माणसांच्या नावावर आहेत. मुलाला सज्ञान समजून खटला चालवा, हा पोलिसांचा अर्ज मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळला.

मामा : फेटाळला, कारण कायदाच तसा लिहिलाय. २०१५ च्या बालन्याय कायद्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलाला सज्ञान धरायचं दार उघडलं, पण फक्त निर्घृण गुन्ह्यासाठी. निर्घृण म्हणजे ज्याला कमीत कमी सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे तो. सदोष मनुष्यवधाला जुन्या दंडसंहितेत जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती, पण किमान आकडा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये, शिल्पा मित्तल प्रकरणात, स्पष्टच सांगितलं की किमान सात वर्षं नसतील तर तो गुन्हा गंभीर म्हणा, निर्घृण म्हणता येणार नाही. २०२१ च्या दुरुस्तीत तेच कायद्यात आलं. दोन माणसं गेली आणि गुन्हा रेघेच्या अलीकडे पडला. ही रेघ चुकीच्या जागी मारली आहे, एवढंच माझं म्हणणं.

बहीण : रेघेच्या पलीकडे कोण पडतं ते मी सांगू? सतरा वर्षांचा मुलगा, सतरा वर्षांची मुलगी. एकाच गावातले, बारावीच्या क्लासला एकाच एसटीने जाणारे. दोघं पळून गेले, आठवड्याने सापडले. मुलीच्या बापाने तक्रार दिली. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, लागला. त्यात शरीरसंबंधाला कमीत कमी दहा वर्षं. मुलगी आपल्या मर्जीने गेले म्हणून सांगत असते, पण अठराच्या आतल्या मर्जीला कायदा मोजत नाही. झाला निर्घृण गुन्हा! त्या पोराचं प्राथमिक मूल्यांकन करायचं, सज्ञान धरायचा की नाही ते ठरवायचं. अशा घरी मी जाते, मामा. गाडीवाल्याला जी रेघ वाचवते, तीच या पोराला पलीकडे ढकलते.

मामा यावर लगेच बोलले नाहीत. मलाही हा मुद्दा पहिल्यांदा ऐकला तेव्हा पटायला वेळ लागला. आपल्या डोळ्यांपुढे दिल्लीतलं निर्भयाचं सामूहिक बलात्काराचं प्रकरण असतं, मुंबईतलं शक्ती मिलचं असतं, आणि तेवढ्यावर आपण कायदा मागतो. कायदा मात्र कलमांवर चालतो, चेहऱ्यांवर चालत नाही. सात वर्षांचा आकडा लिहिला की त्या आकड्यात जे जे बसतं ते सगळं आत येतं.

मामा : मान्य. पोक्सोतलं हे प्रेमप्रकरण बाजूला काढा, मी हरकत घेणार नाही. पण खुनाचं काय? माझ्याकडे एक खटला होता. चौघांनी मिळून एकाला मारलं. तिघे वीस-बावीसचे, चौथा साडेसोळाचा. तिघांना जन्मठेप लागली. चौथ्याचं प्रकरण मंडळाकडे गेलं, जास्तीत जास्त तीन वर्षं, तीही विशेष गृहात. निकालाच्या दिवशी मेलेल्या मुलाची आई मला बाहेर जिन्यात गाठून म्हणाली, "साहेब, माझ्या लेकाच्या अंगावरचा कुठला वार कोणाचा, ते जखमेवर लिहिलंय का?" याचं उत्तर तू दे. मला आजतागायत देता आलेलं नाही.

बहीण : मलाही येणार नाही. तिच्या दुःखाला तीन वर्षं कमीच. पण तीस वर्षं दिली तर ते फिटणार आहे का?

मामा : हे वाक्य वकिलाने बोलावं, तू नको. फिटणार नाही म्हणून काहीच द्यायचं नाही, असं होत नाही. आपला प्रश्न कोणी गंभीरपणे घेतला, एवढं तरी त्या बाईला दिसायला हवं. मंडळाचं कामकाज बंद दाराआड. मुलाचं नाव छापायचं नाही, फोटो छापायचा नाही, चेहरा झाकायचा. तिच्या मुलाचं नाव मात्र चार दिवस पेपरात, वयासकट, फोटोसकट. दार त्याच्यासाठी बंद ठेवा, पण ती बाई जिन्यात उभी का?

इथे मामांचं म्हणणं मला पुरतं पटतं, आणि जे लोक मुलांच्या बाजूने बोलतात ते या जागी फार घाईने पुढे सरकतात असं माझं मत आहे. मुलाला जपताना मेलेल्याच्या घरच्यांना आपण वाऱ्यावर सोडतो. शिक्षा वाढवा, ही मागणी पुष्कळदा त्या जिन्यातूनच येते.

बहीण : जिन्याचं खरं आहे. पण त्यासाठी मुलाला सज्ञान धरायची गरज नाही. आता हे सज्ञान धरणं कसं चालतं ते बघा. मुलाला मंडळापुढे पहिल्यांदा उभं केल्यापासून तीन महिन्यांत ठरवायचं. मंडळ म्हणजे एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्यांतली एक बाई. तीन गोष्टी तपासायच्या. असा गुन्हा करण्याची त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता होती का, परिणाम कळण्याची कुवत होती का, आणि कोणत्या परिस्थितीत त्याने तो केला असं म्हटलं जातं. यातली पहिलीच गोष्ट घ्या. सोळा वर्षांच्या धडधाकट मुलाला कोयता उचलता येतो का? येतोच. मग क्षमता होती, असं लिहून मोकळं व्हायचं? आणि त्याने गुन्हा केला की नाही, हे अजून सिद्धच झालेलं नाही. तरी केला असं धरून त्या क्षणी त्याच्या मनात काय होतं, ते आम्ही शोधायचं.

मामा : न्यायालय रोज हेतू ठरवतं. हेतू काय दिसतो डोळ्यांना?

बहीण : पुरावा ऐकून ठरवतं, खटल्याच्या शेवटी. आम्ही सुरुवातीला ठरवतो, कागदावरून. गुरुग्रामच्या शाळेतलं २०१७ चं प्रकरण तुम्हाला माहीत आहे. सात वर्षांच्या मुलाचा खून आणि त्याच शाळेतला सोळा वर्षांचा विद्यार्थी आरोपी. त्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की हे काम नाजूक आहे, मंडळात मानसशास्त्राचा जाणकार नसेल तर बाहेरच्या तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, आणि परिणाम म्हणजे लगेचचे तेवढेच नव्हेत, दूरचेही. आता सांगा, सतरा वर्षांच्या मुलाला आपल्या कृत्याचे दूरचे परिणाम कळतात का, हे घटनेनंतर दोन महिन्यांनी, घाबरलेल्या अवस्थेत त्याला समोर बसवून कोणता डॉक्टर खात्रीने सांगेल?

मग तिने अहवालाच्या नमुन्याबद्दल सांगितलं. सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा असतो. घर बहुतेक वेळा एका खोलीचं. ती उंबऱ्याजवळ चटईवर बसते, फाइल मांडीवर. शेजारच्या बाया दारात उभ्या. नमुन्यात चौकटी असतात : धूम्रपान, दारू, नशा, जुगार. खाली आवडीनिवडी : टीव्ही, सिनेमा, खेळ, वाचन. शाळा का सोडली, घरात कोणावर गुन्हा आहे का. आई प्रत्येक प्रश्नाला आधी दाराकडे बघते, मग उत्तर देते. शेजारणींदेखत ती "दारू" म्हणणार नाही, आणि नाही म्हटलं तर साहेब खोटं धरतील अशीही तिला भीती. एकदा एका आईने विचारलं, "बाई, वाचनावर खूण केली तर त्याला घरी सोडतील का?" बहिणीने खूण केली नाही. मुलगा पाचवीपासून शाळेत गेलेला नव्हता. कल्याणीनगर किंवा कोरेगाव पार्कातल्या घरी हाच नमुना भरताना सोफ्यावर शेजारी वकील बसलेला असतो, असंही ती म्हणाली.

मामा : हे कामातले दोष आहेत, तत्त्वाचे नव्हेत. चांगले मानसतज्ज्ञ नेमा, नमुना सुधारा. तत्त्व मी पुन्हा सांगतो. अठरा हा आकडा आभाळातून पडलेला नाही. १९८६ च्या कायद्यात मुलांसाठी सोळा होता, मुलींसाठी अठरा. २००० मध्ये दोघांना अठरा केला, कारण आपण १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात सामील झालो. म्हणजे एकेकाळी साडेसोळाचा मुलगा आपण सज्ञानच धरत होतो, आणि कोणी आपल्याला रानटी म्हटलं नाही. शिवाय वय तरी कशावरून ठरतं? शाळेच्या दाखल्यावरून. आपल्या खेड्यापाड्यांत अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एक जून! गुरुजींनी शाळेत घालताना टाकलेली तारीख. त्या तारखेवर एक सुटतो आणि एक जन्मठेपेला जातो.

बहीण : मग ती तारीख दोन्हीकडून चुकते ना? खरा सोळाचा असलेला कागदावर एकोणीसचा निघाला तर तो थेट मोठ्यांच्या तुरुंगात. अशीही मुलं आहेत. तारखेत गोंधळ आहे म्हणून मूल म्हणजे काय हेच सोडून द्यायचं नसतं. आणि तुम्ही म्हणता तसं तत्त्वाचं बोलायचं तर निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीचं म्हणणं ऐका. त्यांनी एकोणतीस दिवसांत अहवाल दिला, २३ जानेवारी २०१३ ला. देश रस्त्यावर उतरलेला असताना त्यांनी लिहिलं की वय अठरावरून खाली आणू नये. पुढे संसदेच्या स्थायी समितीनेही सज्ञान धरण्याला विरोध नोंदवला. तरी डिसेंबर २०१५ मध्ये निर्भया प्रकरणातला अल्पवयीन मुलगा तीन वर्षं पुरी करून सुटला, आणि दोन दिवसांत राज्यसभेने बालन्याय विधेयक मंजूर केलं. त्याला ते लागू होणारच नव्हतं, कारण मागच्या तारखेने शिक्षा वाढवता येत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी केला त्याला सोडून, पुढे येणाऱ्या सगळ्यांसाठी तो कायदा झाला.

मामा : लोकांच्या संतापाला संसदेने उत्तर दिलं, यात लाज कसली? लोकशाहीत तेच व्हायचं.

बहीण : उत्तर दिलं, पण उपाय झाला का? अमेरिकेने हे आपल्याआधी करून पाहिलंय. तिकडे कितीतरी राज्यांनी मुलांना मोठ्यांच्या न्यायालयात पाठवायचे कायदे केले. २००७ मध्ये त्यांच्याच सार्वजनिक आरोग्यवाल्या तज्ज्ञांच्या गटाने सगळे अभ्यास तपासून सांगितलं की मोठ्यांकडे पाठवलेली मुलं पुढे जास्त हिंसा करतात, कमी नाही. आणि इंग्लंडमध्ये १९९३ मध्ये दोन वर्षांच्या बाळाला मारल्याबद्दल दहा-अकरा वर्षांच्या दोन मुलांवर मोठ्यांच्या न्यायालयात खटला चालला. त्यांना समोरचं दिसावं म्हणून आरोपीचा पिंजरा उंच केला होता. सहा वर्षांनी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने सांगितलं की पिंजरा उंच करून खटला कळत नाही, त्या मुलांना निष्पक्ष सुनावणी मिळालेली नाही.

मामा : दहा वर्षं आणि सतरा वर्षं एक नव्हेत. माझ्या पुण्यात या. कोयता गँग म्हणून पेपरात रोज वाचता ना? रात्री दुकानं फोडणारी, गाड्यांच्या काचा फोडणारी, पंधरा-सोळा-सतराची पोरं. त्यांना पक्कं ठाऊक असतं की अठरापर्यंत काही होत नाही. आणि त्यांच्या मागच्या भाईला तर त्याहून पक्कं ठाऊक असतं. तो मुद्दाम पोरांच्या हातात कोयता देतो. कायद्याची सवलत हेच गुन्हेगारांचं हत्यार झालं आहे.

या ठिकाणी मामांचा आवाज चढला, आणि तो चढावा असंच हे आहे. देशभरात २०२२ मध्ये अल्पवयीनांवर तीस हजारांहून जास्त गुन्हे नोंदले गेले, पकडलेल्यांत चारांतले तीन सोळा ते अठरा वयाचे. एकूण गुन्ह्यांत हा वाटा एक टक्क्याहून कमी. पण ज्याच्या दुकानाची काच फुटली त्याला टक्केवारी सांगून चालत नाही.

बहीण : मग भाईला पकडा ना! याच कायद्यात कलम ८३ आहे. बेकायदा कामासाठी मुलं वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. हे कलम तुमच्या हयातीत किती वेळा लागलेलं पाहिलंत?

मामा : (थोड्या वेळाने) फारसं नाही.

बहीण : पोराला सज्ञान धरायचा अर्ज मात्र लगेच जातो. पोरगं हाती सापडलेलं असतं, भाई सापडत नाही. आणि सज्ञान धरल्यावर होतं काय, तेही बघा. बाल न्यायालय त्याला फाशी देऊ शकत नाही, सुटकेची आशाच नाही अशी जन्मठेपही नाही. एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला सुरक्षित स्थानी ठेवायचं, मग पाहायचं की सुधारला का. नसेल सुधारला तर उरलेली शिक्षा तुरुंगात. शिवाय मंडळाकडे दोषी ठरलेल्या मुलाची नोंद पुढे नष्ट होते, सज्ञान धरलेल्याची राहते. म्हणजे पंचविशीत बाहेर येऊन साधं वॉचमनचं काम मागायला गेला तरी ती नोंद पुढे उभी. भाई मात्र गेटवर घ्यायला आलेला असतो. त्याला पगाराची अडचण नाही.

मामा : आणि तीन वर्षांनी विशेष गृहातून जो बाहेर येतो, त्याला घ्यायला कोण येतं? तोच भाई! तुझ्या सुधारगृहात सुधारतं कोण? ते मला दाखव.

बहीण काही क्षण गप्प राहिली. मग तिने जे सांगितलं ते तिच्या बाजूचं नव्हतं, म्हणून मला मोलाचं वाटलं. कायद्याप्रमाणे प्रत्येक मुलासाठी वेगळी योजना करायची असते : शिक्षण, व्यसन सोडवणं, एखादं कामाचं प्रशिक्षण, घरच्यांशी बोलणं. योजना लिहिली जाते आणि फाइलला लागते. समुपदेशकाची जागा रिकामी असते, किंवा एक समुपदेशक दोन संस्थांत वाटलेला असतो. मुलं सकाळी प्रार्थना म्हणतात, दुपारी टीव्ही बघतात, आणि जुनी पोरं नव्यांना धंदा शिकवतात.

मुंबई इलाख्याने १९२४ मध्येच मुलांसाठी वेगळा कायदा केला होता. ज्या डोंगरीच्या तुरुंगात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर १०१ दिवस राहिले, तिथेच पुढे मुलांचं बालगृह झालं. मुलांना मोठ्यांपासून वेगळं काढायचं, हे आपण शंभर वर्षांपूर्वी ठरवलं. वेगळं काढून पुढे काय करायचं, यावर मात्र तेवढा पैसा आणि तेवढं मन आपण कधी लावलं नाही. तीन वर्षं पुरत नाहीत, हे मामांचं म्हणणं मी म्हणूनच असं ऐकतो की रिकामी तीन वर्षं पुरत नाहीत. रिकामी दहा वर्षंही पुरणार नाहीत, आणि त्या दहा वर्षांत शेजारी मुरलेले गुन्हेगार असतील. मुलाला सज्ञान धरावं, हे मला म्हणूनच मान्य नाही. सात वर्षांची रेघ वर सरकवा की खाली, तिला पोर्शेवाला, पळून गेलेला प्रेमी आणि कोयतेवाला यांतला फरक कळत नाही. तो फरक शोधायचा तर एकेका घरी जावं लागतं, आणि आपण तिथे एकट्या परिविक्षा अधिकाऱ्याला पंधरा दिवस देतो.

मामा : तू म्हणतेस ती माणसं, तो पैसा सरकार देईपर्यंत मी काय सांगू लोकांना? थांबा?

बहीण : थांबा नका सांगू. कलम ८३ लावा म्हणून सांगा. विनापरवाना पोराच्या हाती गाडी देणाऱ्या बापाला मोटार वाहन कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आहे, ती द्या म्हणून सांगा. समुपदेशकाच्या जागा भरा म्हणून मोर्चा काढा, मी येते.

मामा : आणि त्या जिन्यातल्या बाईला?

बहीण : तिला तारीख कधी आहे तेही कोणी कळवत नाही. पोलीस पाटलाकडून कळतं, किंवा कळतच नाही. मुलाचं नाव बाहेर न फोडताही तिला काय झालं, का झालं, पुढे काय होणार, हे समोर बसवून सांगता येईल. तिला काय म्हणायचंय ते लिहून घेता येईल. मी एकदा मंडळापुढे विचारलं होतं. म्हणाले, तसा अर्ज कोणी देत नाही.

मामा : अर्जाचा मसुदा मी करून देतो. मराठीत, एका पानात. तिला सही करता येईल असा.

बहीण : कुठल्या कलमाखाली?

मामा : शोधतो. नाही सापडलं तर विनंतीअर्ज म्हणून द्या. तो दाखल करून घेतला नाही, तर का घेतला नाही ते लेखी मागा. आणि पोच घ्या, विसरू नका.